तलवार उचललेली मत्स्यकन्या : वॉर्सा संग्रहालय आणि एका नगरचिन्हाची सहा शतके

पोलंडची राजधानी वॉर्सा पाहायला गेलेले बहुतेक प्रवासी जुन्या शहराच्या चौकातील मत्स्यकन्येच्या पुतळ्यासमोर छायाचित्र काढतात आणि पुढे निघून जातात. त्या पुतळ्यापासून काही पावलांवर, चौकाची उत्तरेकडची संपूर्ण बाजू व्यापणाऱ्या अकरा घरांमध्ये वॉर्सा संग्रहालय आहे, आणि त्यातील एक दालन केवळ या मत्स्यकन्येला वाहिलेले आहे. एखाद्या शहराचे नगरचिन्ह म्हणजे महापालिकेच्या कागदाच्या माथ्यावर छापायची आकृती, एवढीच ज्यांची समजूत असेल त्यांनी हे दालन अवश्य पाहावे, असे माझे मत आहे. सहाशेहून अधिक वर्षे एक आकृती कशी बदलत गेली, कोणी ती हाती घेतली, कोणी तिचा मुकुट उतरवला आणि कोणी तो परत चढवला, हे या संग्रहालयात वस्तूंच्या साहाय्याने समजते, आणि ते समजल्यानंतर त्या शहराच्या रस्त्यांवरून चालण्याचा अनुभव पूर्णपणे बदलतो.

संग्रहालयाची स्थापना १९३६ सालची. जुन्या शहरातील काही घरे विकत घेऊन ती जुन्या वॉर्साच्या स्मृतींसाठी राखून ठेवण्याचा निर्णय तेव्हा झाला आणि पुढच्या आठ वर्षांत ते शहरच जवळजवळ नाहीसे झाले. जर्मन ताब्याविरुद्धच्या १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्याने वॉर्सा पद्धतशीरपणे जाळले आणि सुरुंगांनी उडवले. युद्ध संपले तेव्हा शहरातील सुमारे ८५ टक्के इमारती पडल्या होत्या. आज आपण ज्या चौकात उभे राहतो तो युद्धानंतर, जुनी मोजमापे, रेखाटने आणि अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने रंगवलेली शहराची दृश्ये समोर ठेवून, पुन्हा बांधलेला आहे. या पुनर्बांधणीची दखल घेऊन युनेस्कोने १९८० मध्ये जुन्या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. संग्रहालयाची ही अकरा घरेही त्याच पुनर्बांधणीचा भाग आहेत, त्यामुळे तिथे केवळ मांडलेल्या वस्तू पाहण्यासारख्या आहेत असे नसून ज्या भिंतींमध्ये त्या मांडल्या आहेत त्या भिंतीही पाहण्यासारख्या आहेत.

अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१७ पासून संग्रहालय नव्या मांडणीसह खुले होऊ लागले. या मांडणीचे सूत्र आधी समजून घेतले नाही तर पाहणाऱ्याचा गोंधळ होण्याची शक्यता आहे. इथे शहराचा इतिहास सनावळीच्या क्रमाने सांगितलेला नाही. एकवीस दालनांमध्ये सात हजारांहून अधिक अस्सल वस्तू त्यांच्या जातीनुसार लावलेल्या आहेत : घड्याळांचे दालन वेगळे, चांदीच्या भांड्यांचे वेगळे, पोस्टकार्डांचे वेगळे, नकाशांचे वेगळे, वेष्टने आणि डबे यांचेही वेगळे, आणि त्याच पंक्तीत मत्स्यकन्यांचे दालन. प्रतिकृती, पडद्यांवरचे खेळ आणि मोठमोठे फलक यांच्यावर भर न देता प्रत्यक्ष वस्तूला पुढे करण्याची ही पद्धत मला मनापासून पटली. मात्र नगरचिन्हाच्या बाबतीत तिची एक मर्यादाही आहे, कारण चिन्हाचा इतिहास हा बदलांचा इतिहास असतो आणि बदल लक्षात येण्यासाठी आधी काय होते व नंतर काय आले हे डोक्यात स्पष्ट असावे लागते. म्हणून या दालनात शिरण्यापूर्वी वाचकाला जी पार्श्वभूमी ठाऊक असावी असे मला वाटते, ती येथे थोडी विस्ताराने देत आहे.

वॉर्साच्या नगरपरिषदेच्या ज्या सर्वांत जुन्या शिक्क्यांची माहिती आहे ते चौदाव्या शतकाच्या अखेरचे आहेत. तेव्हा वॉर्सा हे पोलंडच्या राजधानीचे शहर नव्हते. ते माझोव्हियाच्या सरदार घराण्याच्या अमलाखालचे, विस्तुला नदीच्या उंच काठावर वसलेले व्यापारी गाव होते आणि हा प्रदेश पोलंडच्या राजसत्तेत विलीन व्हायला १५२६ साल उजाडावे लागले. अशा गावाच्या परिषदेचा शिक्का ही त्या काळात शोभेची गोष्ट नव्हती. मेणावर उमटलेल्या त्या ठशाशिवाय परिषदेचा करार, निवाडा किंवा सनद वैध ठरत नसे, आणि शिक्क्यावरील आकृती हीच निरक्षर माणसाला ओळखता येणारी शहराची सही होती. या जुन्या शिक्क्यांवर जी आकृती आहे तिला आज कोणी मत्स्यकन्या म्हणणार नाही. धड माणसाचे, अंगावर ड्रॅगनसारखे खवले, पाय पक्ष्याचे, हातात तलवार आणि ढाल, असा तो एक संमिश्र प्राणी आहे. सुरुवातीच्या ठशांमध्ये तर ही स्त्री आहे असेही ठामपणे म्हणता येत नाही.

हा प्राणी आला कुठून, याचे उत्तर शोधताना ग्रीक कथांमधील सायरन आठवाव्या लागतात. समुद्रातील खडकांवर बसून गाणाऱ्या आणि खलाशांना मृत्यूकडे ओढून नेणाऱ्या त्या स्त्रिया मूळ ग्रीक कल्पनेत अर्ध्या पक्षी होत्या. मध्ययुगीन युरोपातील प्राणिकथांच्या सचित्र हस्तलिखितांमध्ये त्यांची दोन्ही रूपे, म्हणजे पक्ष्याच्या शरीराची आणि माशाच्या शेपटीची, शेजारी शेजारी नांदत होती, आणि कित्येकदा एकाच आकृतीत पंख, नखे व शेपूट एकत्र येत. वॉर्साच्या शिक्क्यावरील पक्ष्याचे पाय या परंपरेत सहज बसतात. पुढच्या शतकांत शिक्का पुन्हा पुन्हा कोरला गेला, प्रत्येक कारागिराने आपल्या हाताने त्यात थोडा फरक केला, नखे लहान होत गेली, खवल्यांची शेपूट लांबत गेली, स्त्रीरूप स्पष्ट होत गेले, आणि अठराव्या शतकापर्यंत आज ओळखीची असलेली मत्स्यकन्या स्थिरावली. या सगळ्या फेरफारात एक गोष्ट मात्र टिकून राहिली आणि ती म्हणजे शस्त्र. शरीर बदलले, लिंग बदलले, पाय जाऊन शेपूट आली, तरी उगारलेली तलवार आणि पुढे धरलेली ढाल यांना कोणी हात लावला नाही. वॉर्साच्या चिन्हाचा अर्थ माझ्या मते या टिकून राहिलेल्या भागात आहे. युरोपच्या इतर मत्स्यकन्या मोह घालतात, गातात किंवा विरहात झुरतात. ही मत्स्यकन्या पहारा देते.

वॉर्सातील मुलांना सांगितली जाणारी लोककथाही याच पहाऱ्याची आहे. विस्तुलेच्या पाण्यात राहणारी एक मत्स्यकन्या गाण्याने कोळ्यांना भुरळ घाले. एका लोभी व्यापाऱ्याने जत्रेत दाखवून पैसे मिळवण्यासाठी तिला पकडून कोंडले. तिचे रडणे ऐकून एका तरुण कोळ्याने सोबत्यांच्या मदतीने तिची सुटका केली, आणि तिने या माणसांच्या वस्तीवर संकट येईल तेव्हा आपण शस्त्र घेऊन धावून येऊ असे वचन दिले. कथेच्या दुसऱ्या एका पाठात तिची एक बहीणही आहे, जी डेन्मार्कच्या किनाऱ्यावर थांबली आणि कोपनहेगनची झाली. कथा गोड आहे, पण नगरचिन्हाचा उगम म्हणून ती स्वीकारता येत नाही, कारण शिक्क्यावरील पक्ष्याच्या पायांचा आणि खवल्यांच्या अंगाचा तिच्यात पत्ता नाही. चिन्हाला माशाची शेपूट मिळाल्यानंतरच तिला साजेशी कथा रचली गेली असावी, असा माझा तर्क आहे. तरीही कथेला बाजूला सारू नये. शिक्का परिषदेचा होता, तर कथेमुळे ते चिन्ह घराघरात पोचले.

संग्रहालयातील सर्वांत महत्त्वाची मत्स्यकन्या म्हणजे कोन्स्टान्टी हेगेल या शिल्पकाराने १८५५ मध्ये घडवलेली मूळ मूर्ती. चौकात आज जी दिसते ती तिची प्रतिकृती आहे. मूळ मूर्ती २००८ मध्ये संग्रहालयात आणली गेली, आणि ही गोष्ट माहीत नसल्याने अनेक जण प्रतिकृती पाहून समाधानाने परततात. हेगेलच्या मूर्तीची जन्मकथा मला विशेष महत्त्वाची वाटते. वॉर्सा त्या काळात रशियाच्या झारच्या सत्तेखाली होते. १८३० च्या उठावाचा पराभव होऊन पोलिश राज्यव्यवस्थेचे उरलेसुरले अवशेषही पुसले जात होते. अशा काळात वास्तुविशारद हेन्रिक मार्कोनी याने आखलेली नळपाण्याची योजना १८५५ मध्ये पूर्ण झाली आणि ते पाणी जुन्या चौकात जिथे पोचले तिथल्या कारंज्यावर ही मूर्ती बसवण्यात आली. म्हणजे परक्या राजवटीत शहराचे जुने चिन्ह चौकाच्या मध्यभागी उभे राहिले ते पिण्याच्या पाण्याच्या निमित्ताने. त्याला कोणी बंडखोरीचे स्मारक म्हणू शकले नसते, आणि तरीही घागर घेऊन पाण्याला येणाऱ्या प्रत्येकाला रोज तलवार उगारलेली मत्स्यकन्या दिसत होती. आपले चिन्ह जपण्याची ही रीत मला एखाद्या मोठ्या घोषणेपेक्षा अधिक बळकट वाटते.

मूर्ती जस्ताची ओतीव आहे आणि तिच्यावर कांस्यासारखी छटा चढवलेली आहे. जस्त हा नरम आणि ठिसूळ धातू असल्याने उन्हापावसाचा आणि माणसांच्या हातांचा तिला फार त्रास झाला. १९२८ मध्ये तिला चौकातून हलवण्यात आले आणि त्यानंतर कित्येक दशके ती शहरात निरनिराळ्या ठिकाणी राहिली. जुना चौक १९४४ मध्ये बेचिराख झाला तेव्हा ती तिथे नव्हती, ही एका अर्थी सुदैवाची गोष्ट म्हणायची. विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस ती चौकात परतली, परंतु उघड्यावर तिची नासधूस होऊ लागल्याने शेवटी तिला छताखाली आणावे लागले. जवळून पाहताना तिच्या अंगावरील दुरुस्तीच्या खुणांकडे लक्ष द्यावे. बाहेरच्या प्रतिकृतीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर हा इतिहास वाचता येत नाही, आणि केवळ एवढ्यासाठीसुद्धा आत जाणे योग्य ठरते.

मत्स्यकन्यांच्या दालनात शिल्पे, पदके, छापील कागद आणि रोजच्या वापरातील वस्तू यांवर उमटलेली तिची रूपे एकत्र पाहायला मिळतात. येथे थोडा वेळ काढून एकाच गोष्टीचे निरीक्षण करावे असे मी सुचवीन, आणि ती गोष्ट म्हणजे तलवार धरलेल्या हाताची उंची. काही रूपांत तलवार डोक्याच्या बरीच वर, वार करण्याच्या तयारीत असते, काहींत ती कलती होते, तर काहींत ती केवळ दागिन्यासारखी हातात राहते. चित्रकाराच्या हाताची सवय हे त्याचे एक कारण आहेच, पण ज्या काळात ज्या वस्तूवर ती काढली गेली त्या काळाचा आणि वस्तूचाही त्यात मोठा वाटा आहे. दालन लहान आहे, तरीही अशा नजरेने पाहिले तर तेथून लवकर निघवत नाही.

आज वापरात असलेल्या नगरचिन्हाचा आराखडा १९३८ सालचा आहे. तांबड्या पार्श्वभूमीच्या ढालीवर उजव्या हातात उगारलेली तलवार आणि डाव्या हातात गोल ढाल घेतलेली मत्स्यकन्या, आणि वर राजमुकुट, अशी त्याची रचना आहे. मुकुटाचा संबंध वॉर्सा हे राजधानीचे आणि राजाच्या निवासाचे शहर असण्याशी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसरा झिग्मुन्ट याने आपले वास्तव्य क्राकोवहून येथे हलवायला सुरुवात केली तेव्हापासून हा मान शहराकडे आला. आराखडा मंजूर झाल्यावर जेमतेम एका वर्षाने, सप्टेंबर १९३९ मध्ये, जर्मनीने हल्ला केला आणि महापौर स्टेफान स्टाझिन्स्की यांच्या नेतृत्वाखाली शहराने वेढ्यात राहून झुंज दिली. शरणागतीनंतर स्टाझिन्स्की यांना अटक झाली आणि नंतर त्यांची हत्या करण्यात आली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला परदेशात स्थापन झालेल्या पोलिश सरकारचे प्रमुख जनरल व्वादिस्वाव सिकोर्स्की यांनी वॉर्सा शहराला ‘विर्तुती मिलितारी’ हे पोलंडचे सर्वोच्च लष्करी शौर्यपदक बहाल केले. व्यक्तीला द्यायचे पदक शहराला मिळाले, आणि ते नगरचिन्हाच्या मोठ्या रूपात ‘सेम्पर इन्विक्टा’, म्हणजे सदैव अजिंक्य, या लॅटिन शब्दांच्या फितीसह मत्स्यकन्येच्या ढालीखाली येऊन बसले. शहराचे आणखी एक लॅटिन ब्रीद आहे, ‘कोन्तेम्नित प्रोचेल्लास’, म्हणजे ती वादळांना तुच्छ लेखते. १९३९ आणि १९४४ नंतर हे शब्द वाचताना ते ब्रीद न राहता नोंद झाले आहेत, असेच वाटते.

युद्धानंतरच्या साम्यवादी राजवटीत मत्स्यकन्या राहिली, पण तिच्या माथ्यावरचा मुकुट गेला, जसा तो पोलंडच्या राष्ट्रीय गरुडाच्या डोक्यावरूनही गेला होता. राजवट संपल्यानंतर १९९० मध्ये शहराने मुकुटासह १९३८ चे चिन्ह पुन्हा स्वीकारले. संग्रहालयात फिरताना एखाद्या वस्तूवरील मत्स्यकन्येला मुकुट आहे की नाही एवढे पाहिले तरी ती वस्तू कोणत्या काळातली असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि हा अंदाज वस्तूशेजारची माहितीची चिठ्ठी वाचण्यापूर्वी बांधून पाहण्यात मोठा आनंद आहे. वॉर्सातील ट्राममध्ये बसताना डब्याचा पिवळा आणि तांबडा रंगही लक्षात घ्यावा. तेच शहराच्या ध्वजाचे रंग आहेत.

संग्रहालय पाहून झाल्यावर नदीकाठी जाणे मी आवश्यक मानतो, कारण वॉर्साची दुसरी मोठी मत्स्यकन्या तेथे आहे आणि तिच्याशिवाय हा विषय अपुरा राहतो. शिल्पकार लुद्विका निचोवा यांनी घडवलेला हा कांस्याचा पुतळा जून १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होण्यापूर्वी अवघे तीन महिने, विस्तुलेच्या काठावर उभा राहिला. या पुतळ्यासाठी क्रिस्टिना क्राहेल्स्का ही तरुणी निचोवा यांच्यासमोर उभी राहिली होती. ती लोकजीवनाची अभ्यासक आणि कवयित्री होती, आणि तिने लिहिलेले एक गीत भूमिगत सैनिकांच्या तोंडी होते. १ ऑगस्ट १९४४ रोजी उठाव सुरू झाला त्याच दिवशी परिचारिका म्हणून जखमींच्या मदतीला गेलेली क्रिस्टिना स्वतः गोळ्यांनी जबर जखमी झाली आणि दुसऱ्या दिवशी मरण पावली. तेव्हा ती तिशीची होती. पुतळा मात्र युद्धातून बचावला. हेगेलच्या मूर्तीत अजून एखाद्या कारंज्याची नजाकत आहे, तर निचोवा यांची मत्स्यकन्या भरदार, ताठ आणि ठाम आहे. तिची तलवार उंच गेली आहे आणि शेपटीची वळणेही लाटेपेक्षा पायथ्यासारखी वाटतात. संग्रहालयात जे चिन्ह आपण समजून घेतो त्याची खरी ताकद या पुतळ्यासमोर कळते, कारण येथे शहराचे प्रतीक आणि शहरासाठी मेलेली व्यक्ती यांत अंतर राहिलेले नाही.

दोन पुतळ्यांच्या मध्ये, कारोवा रस्त्याच्या वळणदार पुलावरही मत्स्यकन्या कोरलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे ते काम वाटेत पाहून पुढे जावे, एवढेच त्याचे महत्त्व. पाहता येत नाही अशी एक मत्स्यकन्या मात्र उल्लेखायलाच हवी. १९४८ मध्ये पाब्लो पिकासो पोलंडला आले होते, तेव्हा वॉर्साच्या कोवो भागात नव्याने उभारल्या जाणाऱ्या कामगार वसाहतीतील एका घराच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने मोठी मत्स्यकन्या काढली आणि तिच्या हातात तलवारीऐवजी हातोडा दिला. उद्ध्वस्त शहर विटा रचून पुन्हा उभे राहत असताना तिच्या हाती हातोडा येणे हे मला अत्यंत समर्पक वाटते. वर मी शस्त्राला कोणी हात लावला नाही असे म्हटले आहे, त्याला हा एकमेव मोठा अपवाद आहे, आणि तो परदेशी चित्रकाराने केलेला आहे. त्या घरात राहायला आलेल्या कुटुंबाला पाहुण्यांची रीघ सोसवेना, आणि १९५३ मध्ये ती भिंत रंगवून टाकण्यात आली.

मराठी वाचकांसाठी या चिन्हाचा एक धागा थेट कोल्हापूरपर्यंत येतो. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लक्षावधी माणसांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ पासून त्यांच्यातून जनरल व्वादिस्वाव आंदर्स यांनी सैन्य उभारले आणि ते इराणच्या वाटेने बाहेर काढले. त्या सैन्याबरोबर बाहेर पडलेल्या हजारो स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत होती. त्यांच्यातील अनेकींचे पती, वडील आणि भाऊ ज्या दुसऱ्या पोलिश कोअरमध्ये, म्हणजे आंदर्स यांच्या सैन्यातून तयार झालेल्या मोठ्या लष्करी विभागात, लढत होते, त्या कोअरचे बाहीवरचे चिन्ह वॉर्साची मत्स्यकन्या हेच होते, आणि तेच चिन्ह लावून त्या सैनिकांनी मे १९४४ मध्ये इटलीत मोन्ते कासिनोची टेकडी घेतली. त्यातील अनेकांनी वॉर्सा कधी पाहिलेही नसेल, कारण त्यांचे प्रदेश पार पूर्वेकडचे होते. तरीही गमावलेल्या सगळ्या देशासाठी त्यांनी हे एक नगरचिन्ह निवडले, यातच त्याचा विस्तार किती झाला होता ते दिसते. वॉर्सात मोन्ते कासिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या वसाहतीची आठवण सांगणारे स्मारक २०१७ मध्ये उभारले गेले आहे आणि ते जुन्या शहरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संग्रहालय पाहून तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाला ही दोन ठिकाणे वेगवेगळी वाटणार नाहीत.

आता काही व्यावहारिक गोष्टी. चिठ्ठ्या पोलिश आणि इंग्रजीत आहेत, आणि त्या नेमक्या व थोडक्या शब्दांत लिहिलेल्या आहेत. ज्यांना कथन हवे असते, एका दालनातून दुसऱ्यात नेणारा सलग धागा हवा असतो, त्यांनी शहराचा थोडा इतिहास आधी वाचून जावे किंवा मार्गदर्शक सोबत घ्यावा. ज्यांना वस्तूंसमोर थांबून स्वतः विचार करायला आवडते त्यांना यापेक्षा चांगली मांडणी क्वचितच मिळेल. अकरा घरे आतून जोडलेली असल्याने अरुंद जिने आणि पातळीतील चढउतार बरेच आहेत, म्हणून गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी वर जाण्याची सोय कोणत्या भागातून आहे हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे. एकवीसही दालने एका दमात पाहण्याचा आग्रह धरू नये. नगरचिन्हासाठी जाणाऱ्याने मत्स्यकन्यांचे दालन, पदकांचे दालन, वॉर्साच्या दृश्यांचे दालन आणि वेष्टनांचे दालन ही चार निवडावीत. शेवटच्या दालनाचे नाव वाचून आश्चर्य वाटेल, परंतु वॉर्सातील जुन्या दुकानांचे आणि कारखान्यांचे डबे, खोकी आणि कागद पाहताना शहराच्या रोजच्या बाजाराचे जे चित्र उभे राहते ते शिक्क्यांच्या आणि पदकांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

आठवणीसाठी काही विकत घ्यायचे असेल तर जुन्या शहराच्या गल्ल्यांत मत्स्यकन्येची किल्लीची साखळी, चुंबक आणि पेले जागोजागी मिळतात. त्यातील कित्येक वस्तूंवर तलवार इतकी आखूड किंवा अस्पष्ट असते की ती कोणत्याही समुद्रकिनाऱ्यावर विकली जाणारी जलपरी वाटावी. अशी वस्तू घेऊ नये. घेताना उजवा हात वर आहे का, तलवार आणि गोल ढाल दोन्ही स्पष्ट आहेत का, आणि नगरचिन्ह असेल तर वर मुकुट आहे का, हे पाहूनच घ्यावे.

संग्रहालय सोमवारी बंद असते. नदीकाठच्या पुतळ्यासाठी भुयारी रेल्वेच्या दुसऱ्या मार्गिकेवरील कोपर्निकस विज्ञान केंद्राचे स्थानक सर्वांत जवळचे आहे. तेथून श्विएंतोक्शिस्की पुलाच्या दिशेने चालत गेले की पुतळा दिसतो.